नेरळ–माथेरान : तुटलेला मार्ग पुन्हा जोडताना

२२ ऑक्टोबर २०२२ रोजी नेरळहून सुटलेली छोटी गाडी पुन्हा थेट माथेरानपर्यंत गेली. त्याआधी तीन वर्षांहून अधिक काळ ती तशी जाऊ शकली नव्हती. ऑगस्ट २०१९ च्या पावसाने घाटात अनेक ठिकाणी रुळाखालची खडी आणि मातीच वाहून नेली. काही जागी रूळ नुसते हवेत लोंबकळत राहिले. माथ्यावर अमन लॉज ते माथेरान हा सुमारे ३ किलोमीटरचा तुकडा तेवढा शाबूत होता. डिसेंबर २०१९ अखेर त्यावर शटल सुरू झाली, पुढे कोरोनात काही महिने थांबली, पुन्हा चालली. खाली नेरळ आणि वर अमन लॉज यांच्यामधला मोठा मार्ग मात्र गवतात पडून होता.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी या गाडीत कधी ना कधी प्रवास केलेला असेल. मुंबई, ठाणे, पनवेल, कर्जत, पुण्याकडच्या शाळांच्या सहली तर ठरलेल्याच. पण ही गाडी बांधली कोणी, हे सहलीत मुलांना विचारले तर उत्तर एकच येते : ‘इंग्रजांनी.’ शिक्षकांनाही बहुधा तेवढेच ठाऊक असते. म्हणून हा लेख.

ही रेल्वे सरकारने बांधली नाही, इंग्रजांच्या कंपनीनेही नाही. मुंबईतील दाऊदी बोहरा समाजातले उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती घरच्या पैशातून उभी केली. काम १९०४ मध्ये सुरू झाले आणि मार्च १९०७ मध्ये गाडी धावली. खर्च आला सुमारे १६ लाख रुपये. त्या काळचे १६ लाख! सर आदमजींनी गरिबीतून वर येऊन लष्कराला तंबू आणि चामड्याचा माल पुरवण्याच्या ठेक्यांवर मोठा व्यवसाय उभारला होता. धारावीत त्यांचा चामडे कमावण्याचा कारखाना होता. चर्नी रोडचे सॅनिटोरियम अजून त्यांच्या नावाने ओळखले जाते. १८९७ मध्ये ते मुंबईचे शेरीफ होते.

अब्दुल हुसेन यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. ते माथेरानला जाण्यासाठी नेरळला उतरले, पण वर न्यायला घोडा, पालखी काहीच मिळेना. तेव्हा त्यांनी ठरवले की पुढच्या वेळी माथेरानला जाईन तो स्वतःच्या गाडीनेच. गोष्ट खरी असो वा नंतर रचलेली, त्या काळची अडचण मात्र तिच्यात नेमकी सापडते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरान पाहिले आणि तेथे बंगले उठू लागले. नेरळपर्यंत मोठी रेल्वे आली होती. पुढचा चढ मात्र माणसांच्या खांद्यावर किंवा घोड्याच्या पाठीवर होता.

चढ किती? नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर आणि माथेरान ८०० मीटरच्या आसपास. एवढे अंतर ही गाडी सुमारे २० किलोमीटरमध्ये चढते. जास्तीत जास्त चढ २० फुटांना १ फूट. निलगिरीच्या रेल्वेला चढण्यासाठी मधोमध दातेरी पट्टी आहे, इथे तशी काही नाही. इंजिनाची चाके आणि साधे रूळ, एवढ्याच भरवशावर ती वर जाते. म्हणून मार्ग डोंगराला घोड्याच्या नालेसारखा वळसे घालत नेला आहे आणि रुळांमधले अंतर फक्त २ फूट ठेवले आहे. आखणीत एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा हात होता. सोलापूर, धाराशिवच्या वाचकांनी हे नाव ऐकले असेल, कारण बार्शी लाइट रेल्वे त्यांचीच. पहिली इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची. इतक्या कडक वळणावर अडकू नयेत म्हणून त्यांच्या बाहेरच्या चाकांचे आस थोडे बाजूला सरकतील असे बनवले होते. १९८० च्या दशकात वाफ गेली आणि डिझेल आले. त्या जुन्या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, एक तर इंग्लंडला जाऊन पोहोचले. वाटेत एकच बोगदा लागतो. त्याला पडलेले इंग्रजी नाव घरातल्या मासिकात न छापलेले बरे!

आता तुटण्या-जोडण्याचे. हा मार्ग काही २०१९ मध्येच पहिल्यांदा तुटला नाही. २६ जुलै २००५ च्या महापुराने तो उद्ध्वस्त केला होता. २००७ मध्ये, शंभर वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, तो पुन्हा सुरू झाला. मे २०१६ मध्ये डबे रुळावरून घसरण्याचे प्रकार लागोपाठ घडले आणि गाडी बंद झाली. ऑक्टोबर २०१७ च्या शेवटी वरची शटल आणि जानेवारी २०१८ मध्ये नेरळपासूनची गाडी परत आली. दीड वर्ष चालली नाही तोच २०१९ चा पाऊस.

सह्याद्रीच्या उतारावर रूळ म्हणजे डोंगराच्या कमरेला बांधलेला पट्टाच. वरून येणारे प्रत्येक ओढ्याचे पाणी तो ओलांडूनच खाली जाते. मोऱ्या दगड-मातीने बुजल्या की पाणी रुळाखालून वाट काढते आणि भराव नेते. त्यामुळे नेरळपासूनची गाडी दरवर्षी पावसाळ्यात बंदच असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रूळ तपासून सुरू होते. २०२२ च्या दुरुस्तीत तारेच्या जाळ्यांत दगड भरून भिंती उभारल्या, दरीच्या बाजूला अडथळे घातले, रूळ आणि स्लीपर बदलले. जाळीतल्या दगडांतून पाणी झिरपते पण माती धरून राहते. दिसायला साधी, पण आमच्या मते सगळ्या कामातली हीच सर्वांत शहाणपणाची गोष्ट.

प्रश्न असा की एवढा खर्च करायचाच कशाला? असे विचारणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. नेरळहून टॅक्सी अर्ध्या तासात दस्तुरी नाक्याला सोडते. त्यापुढे वाहनांना बंदी आहे. जवळच अमन लॉज स्टेशन, तेथून शटल पकडली की गावात. गाडीला मात्र नेरळपासून अडीच तासांच्या आसपास लागतात, कारण ताशी १२ किलोमीटरच्या वर ती जाऊच शकत नाही. प्रवाशांची गरज शटल भागवते, मग खालचा मार्ग म्हणजे हौस, असे हे गणित.

आम्हाला हे गणित अपुरे वाटते. एक तर इंजिने आणि डबे दुरुस्त करणारी शेड नेरळला, म्हणजे पायथ्याशी आहे. मधला रूळ तुटला की वरचे वर आणि खालचे खाली. शटलचे डबे बिघडले तर मोठ्या दुरुस्तीसाठी त्यांना खाली आणायची सरळ वाट राहत नाही. दुसरे असे की खालचा मार्ग गेला की सगळी गर्दी घाटरस्त्यावर येते. सुट्टीच्या दिवशी दस्तुरीला गाड्या लावायला जागा नसते. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि तिथली हवा याच गाड्यांपासून वाचवायची आहे. तिसरे म्हणजे वारसा. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या तिन्ही डोंगरी रेल्वे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरानचे नाव अजून संभाव्य यादीतच आहे. ३ किलोमीटरच्या शटलला वारसा म्हणून कोण मान देईल? पीरभॉयांनी बांधली ती नेरळची गाडी होती, अमन लॉजची नव्हे.

रेल्वेच्या बाबतीत वाट सोडली की ती परत मिळत नाही, याचे उदाहरण आपल्याला चांगले माहीत आहे. दमास्कस ते मदीना ही हिजाज रेल्वे १९०० मध्ये सुरू होऊन १९०८ मध्ये मदीनेला पोहोचली, म्हणजे माथेरानच्या गाडीनंतर एका वर्षाने. तिच्यासाठी हिंदुस्थानातल्या मुसलमानांनीही चंदा दिला होता. पहिल्या महायुद्धात तिचे रूळ उखडले गेले. नंतर सरहद्दी पडल्या आणि एका मार्गाचे तुकडे वेगवेगळ्या देशांत गेले. जोडण्याच्या योजना अनेकदा निघाल्या, तरी मदीनेपर्यंतचा मार्ग आजवर जुळला नाही. मदीनेचे स्टेशन आज संग्रहालय आहे.

माथेरानात एक बाजू आणखी आहे. गाडी बंद असते तेव्हा माणसे आणि सामान वर न्यायचे काम घोडेवाले, हमाल आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांवर येते. घोडेवाल्यांना गाडी बंद असली की चार पैसे जास्त मिळतात, हे खरे, आणि ते आपण नाकारू नये. पण हातरिक्षा? माणसाने माणसाला चढावर ओढून न्यायचे, हे पाहताना मुले गप्प होतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि या लोकांचे पुनर्वसन करून ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला. अब्दुल हुसेन यांच्या गाडीने पालखी उचलणाऱ्यांचे खांदे मोकळे केले त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली, आणि तरीही हा आदेश द्यावा लागला.

सुट्टीत माथेरानला जाणाऱ्या कुटुंबांना आमची विनंती आहे की जाताना तरी टॅक्सीऐवजी नेरळची गाडी धरा. कर्जत लोकलने नेरळला सकाळी लवकर पोहोचा, कारण डबे थोडे आहेत आणि तिकिटाची रांग मोठी असते. लहान मुले आणि घरातली बुजुर्ग मंडळी असतील तर पाण्याची बाटली, थोडे खाणे आणि पातळ चादर बरोबर घ्या. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही स्टेशने वाटेत लागतात. उतारू वाढले तरच हा मार्ग सांभाळण्याचा खर्च कुणाला पटेल. आणि डब्यात बसल्यावर मुलांना सांगा, ही गाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली.