मुखवट्याची मागची बाजू

पहिला मुखवटा केला तो २०११ च्या उन्हाळ्यात, पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर. शाडूचा साचा, त्यावर आधी नुसता ओला कागद, मग मैद्याच्या खळीत भिजवलेले रद्दीचे तुकडे, आठ-दहा थर. नरसिंह केला होता. भिंतीवर टांगला, आल्यागेल्यांनी कौतुक केलं. पावसाळ्यात त्याला बुरशी धरली आणि दिवाळीची झाडलोट करताना पाहिलं तर कसरीनं आयाळ पोखरलेली. तेव्हापासून मैदा सोडला, चिंचोक्याची खळ धरली आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद घालू लागलो.

पुढची तीन वर्षं मुखवटे भिंतीसाठीच होत राहिले. वीसेक झाले असतील. हात बसला, पण मन भरेना.

ते का, हे मोखाड्यात कळलं. त्र्यंबकेश्वरहून घाट उतरून गेलं की लागणारं हे गाव बोहाड्यासाठी ओळखलं जातं. आपल्याकडे पेठ-सुरगाण्यात त्यालाच भवाडा म्हणतात. होळीनंतर वैशाखापर्यंत या पट्ट्यात गावोगाव सोंगं निघतात. टेंभ्यांचा उजेड, संबळाचा ठेका, आणि गणपती, शारदा, रावण, नरसिंह असं एकेक सोंग नाचत पुढे येतं. शेवटी जगदंबा महिषासुराला मारते. कुठलं सोंग कुठल्या घराण्याचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, आणि पूजा केल्याशिवाय मुखवटा चढवायचा नाही.

नाचून आलेल्या एका माणसानं मुखवटा उतरवून मांडीवर पालथा ठेवला होता. मी तो आतून पाहिला. कपाळाशी चिंध्यांची घडी, बांधायचं फडकं, कडा घामानं काळवंडलेल्या. रंगवलेला डोळा वेगळा आणि बघायचं भोक वेगळं. माझ्या वीसही मुखवट्यांची मागची बाजू मी कधी नीट पाहिली नव्हती. ते मुखवटे नव्हतेच, चित्रं होती.

मग जव्हारजवळच्या रामखिंडीत फेऱ्या सुरू झाल्या. तिथं कागदी मुखवटे करणारी घरं आहेत. पूर्वी हे मुखवटे लाकडाचे असत. कागदानं सोंग घेणाऱ्याच्या मानेवरचा भार उतरवला. मी मात्र वजनाचा विचार पहिल्यांदा केला तो शाळेच्या एका नाटकाच्या तालमीत. मी केलेला रावण एका मुलाच्या डोक्यावरून घसरून पडला, आणि आत श्वास घेता येत नाही म्हणून ते पोर रडकुंडीला आलं. त्या रात्री नाकपुड्या मोठ्या केल्या, थर निम्मे केले, आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलं. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा नाचला. इतकं समाधान मला भिंतीवरच्या कुठल्याही मुखवट्यानं दिलं नव्हतं.

तेव्हापासून मुखवटे नाटकांसाठी आणि मुलांसाठीच करतो. साहित्याचा खर्च निघतो, थोडं उरतं. मे महिन्यात गच्चीवर मुलं येतात. साचा त्यांनी करायचा, मी फक्त खळ शिजवतो. २०२० मध्ये सगळंच थांबलं, तेव्हा फाटके कान नि तुटलेल्या सोंडा जोडत बसलो. वापरून मोडलेला मुखवटा दुरुस्तीला परत येतो, हाच माझा खरा मोबदला. जगदंबेचं सोंग मात्र मी करत नाही. ते ज्यांच्या घराण्याचं आहे, त्यांनीच करावं.

होळीनंतर एक रात्र काढा आणि जवळच्या बोहाड्याला जा. कॅमेरा बॅगेतच राहू द्या. सोंग उतरलं की विचारून, चप्पल काढून, तो मुखवटा मागच्या बाजूनं बघा.