राजीव गांधींची घसरण : कोणी काय कमावले?

डिसेंबर १९८४ मध्ये लोकसभेच्या ५१४ जागांसाठी मतदान झाले आणि त्यातील ४०४ जागा राजीव गांधींच्या काँग्रेसने जिंकल्या. एवढे बहुमत पंडित नेहरूंनाही कधी मिळाले नव्हते. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, त्याच पक्षाच्या पदरात १९७ जागा पडल्या. उत्तर प्रदेशात ८३ वरून १५, बिहारमध्ये ४८ वरून ४ आणि राजस्थानात २५ पैकी २५ वरून शून्य! देशाच्या लाडक्या नेत्याची अशी घसरण क्वचितच कुणी पाहिली असेल.

या घसरणीची गोष्ट सवर्ण प्रसारमाध्यमांनी एकाच शब्दात सांगून टाकली आहे. तो शब्द म्हणजे बोफोर्स. दिल्लीतल्या दिवाणखान्यात ती पुरेशी असेल. पण आंबेडकरी चळवळीने या पाच वर्षांचा जमाखर्च स्वतःच्या वहीत मांडला पाहिजे, असे आम्हाला वाटते. कारण याच घसरणीतून आपल्या हाती काही कायदे आले आणि याच घसरणीतून संघ परिवाराच्या हाती देश जाण्याची वाट खुली झाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. पुढे वकिली करताना कायद्याच्या तारखा चाळत गेलो, तेव्हा हे चित्र हळूहळू स्पष्ट होत गेले.

मुळात ती लोकप्रियता कशावर उभी होती? इंदिरा गांधींची हत्या ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी झाली. त्यानंतर दिल्लीत शिखांची कत्तल झाली. सरकारी आकड्यानुसारसुद्धा २,७०० हून अधिक माणसे मारली गेली. त्या रक्ताच्या डागांवर दोन महिन्यांत मतदान झाले. सहानुभूती, भीती आणि 'मिस्टर क्लीन' नावाचा गोरागोमटा चेहरा या तीन गोष्टींवर जवळपास निम्म्या मतदारांनी शिक्का मारला. यात विचार कुठे होता? कार्यक्रम कुठे होता? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावून ठेवले होते की धर्मातली भक्ती आत्म्याला तारत असेल, पण राजकारणातली भक्ती माणसाला हुकूमशाहीकडे नेते. आपल्या लोकांनीही १९८४ साली ही भक्ती केली, हे मान्य करावे लागेल. बाबासाहेबांनी ज्या पक्षाला जळते घर म्हटले, त्याच्या पंज्यावर वस्त्या-वस्त्यांतून शिक्के पडले.

आणि भक्ती जेवढ्या वेगाने चढते त्यापेक्षा जास्त वेगाने उतरते. डिसेंबर १९८५ मध्ये मुंबईत काँग्रेसच्या शताब्दी अधिवेशनात याच राजीव गांधींनी पक्षातल्या सत्तेच्या दलालांवर जाहीर आसूड ओढले. टाळ्या पडल्या. दलाल मात्र जागचे हलले नाहीत. मार्च १९८६ मध्ये ४१० तोफांचा सौदा झाला आणि १६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडनच्या रेडिओने त्यातल्या लाचेची बातमी दिली. विश्वनाथ प्रताप सिंह आधीच संरक्षण खात्याचा राजीनामा देऊन बाहेर पडले होते. जूनमध्ये हरियाणात देवीलालांच्या आघाडीने काँग्रेसचा धुव्वा उडवला. त्याच वर्षी देशात भीषण दुष्काळ पडला, त्याच वर्षी भारतीय फौजा श्रीलंकेत उतरल्या आणि शेकडो जवानांचे मृतदेह परत येऊ लागले. (पुढे २००४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिवंगत राजीव गांधींवरचे लाचखोरीचे आरोप रद्द केले. पण जनतेच्या दरबारात निकाल पंधरा वर्षे आधीच लागला होता.)

आता आपल्या वहीकडे वळू. दिल्ली तोफांची चर्चा करत होती, तेव्हा खेड्यात काय चालले होते? जुलै १९८५ मध्ये आंध्रातल्या कारमचेडूला मादिगा वस्तीवर हल्ला झाला आणि सहा जणांना ठार मारले. एप्रिल १९८६ मध्ये बिहारातल्या अरवलला भूमिहीनांच्या सभेवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अस्पृश्यतेपुरता होता. वस्ती जाळणाऱ्यांना तो पुरा पडत नव्हता. स्वतंत्र कडक कायद्याची मागणी वाढत गेली आणि १५ ऑगस्ट १९८७ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी तसा कायदा करू असे जाहीर केले. ही तारीख नीट पाहा. बोफोर्सची बातमी फुटून चार महिने झाले होते आणि हरियाणा हातून जाऊन दोन.

४०४ खासदार पाठीशी असताना पहिल्या अडीच वर्षांत जो कायदा सुचला नाही, तो लोकप्रियता ओसरू लागल्यावर सुचला. सुचला तरी किती सावकाश! विधेयक मंजूर होऊन ११ सप्टेंबर १९८९ रोजी कायदा झाला, निवडणूक तोंडावर आल्यावर. अंमल सुरू झाला ३० जानेवारी १९९० पासून, म्हणजे ते सरकार गेल्यावर. कायद्याखालचे नियम आले मार्च १९९५ मध्ये. पीडिताला अर्थसाहाय्य किती, तपास कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, जिल्हा दंडाधिकाऱ्याने घटनास्थळी जायचे की नाही, हे सगळे नियमांत असते. नियम नसलेला कायदा म्हणजे पाते नसलेली तलवार. मूठ हातात आणि वार हवेत.

याच काळात दुसरे एक विधेयक आले होते, तेही पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट १९८८ च्या अखेरीस राजीव सरकारने बदनामी विधेयक लोकसभेत रेटून मंजूर केले. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करण्याचाच तो डाव होता. देशभरातील संपादक, मालक, वार्ताहर रस्त्यावर उतरले. सप्टेंबर संपायच्या आत विधेयक मागे घेतले गेले. एका महिन्यात! घसरणारा नेता ऐकतो, यात शंका नाही. पण ज्याचा आवाज त्याच्या दारापर्यंत पोहोचतो, त्याचेच तो आधी ऐकतो. वृत्तपत्रवाल्यांचे त्याने एका महिन्यात ऐकले. कारमचेडूच्या विधवांना घोषणेनंतर कायद्यासाठी दोन वर्षे थांबावे लागले आणि नियमांसाठी साडेसात.

आणि आणखी कोणाकोणाचे ऐकले? शाहबानो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल १९८५ मध्ये आला. मौलवी चिडले, तेव्हा तो निष्प्रभ करणारा कायदा १९८६ साली केला. त्याच सुमारास, १ फेब्रुवारी १९८६ रोजी, फैजाबादच्या जिल्हा न्यायाधीशांनी बाबरी मशिदीचे कुलूप काढण्याचा आदेश दिला. सरकारी अधिकाऱ्यांनीच कोर्टात सांगितले की कुलूप काढल्याने शांतता बिघडणार नाही. आदेश झाल्यावर तासाभराच्या आत कुलूप निघाले आणि दूरदर्शनने ते देशाला दाखवले. आम्ही रोज कोर्टात उभे राहतो. गरिबाच्या बाजूचा आदेश झाला तर त्याची सही-शिक्क्याची प्रत मिळायलाही आठवडा जातो. असो.

९ नोव्हेंबर १९८९ रोजी, मतदानाला दोन आठवडे राहिले असताना, अयोध्येत शिलान्यास होऊ दिला गेला. परवानगीच्या वाटाघाटी केल्या त्या गृहमंत्री बुटासिंगांनी, जे स्वतः दलित शीख. आणि पहिली वीट कोणाच्या हातून ठेवली? बिहारचे दलित कार्यकर्ते कामेश्वर चौपाल यांच्या हातून. राजीव गांधींनी तर प्रचाराची सुरुवातच फैजाबादहून केली आणि रामराज्याचे आश्वासन दिले. हिंदूंची मते मिळतील हा हिशेब होता. ज्याला रामच हवा होता तो अस्सल दुकानात गेला, आणि भागलपूरच्या दंगलीने होरपळलेला मुसलमान काँग्रेस सोडून गेला. १९८४ साली २ जागा असलेला भाजप १९८९ साली ८५ वर पोहोचला.

येथे एक गणित समजून घ्यावे. काँग्रेसची मते दहा टक्क्यांच्या आतच घटली होती; ३९ टक्क्यांहून अधिक मते तिला १९८९ सालीही मिळाली. जागा मात्र निम्म्याहून कमी झाल्या. कारण विरोधकांनी मते फुटू दिली नाहीत. जनता दलाने सुमारे १८ टक्के मतांवर १४३ जागा काढल्या. सर्वांत जास्त मते असलेला एकच उमेदवार जिंकतो, या आपल्या निवडणूक पद्धतीत लोकप्रियता किती घटली यापेक्षा समोरचे किती एकवटले हे जास्त मोलाचे ठरते. ही गोष्ट भाजपला कळली होती. आपल्यात ती एका माणसाला कळली होती.

पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेत नोकरी करत असताना ज्यांना फुले-आंबेडकर सापडले, ते मान्यवर कांशीराम जून १९८८ मध्ये अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले. एका बाजूला बोफोर्सचे नायक विश्वनाथ प्रताप सिंह, दुसऱ्या बाजूला सत्ताधारी काँग्रेस. कांशीराम तिसरे आले, पण सुमारे ७० हजार मते घेऊन. पक्षाचे वय तेव्हा चार वर्षे. १९८९ च्या लोकसभेत बहुजन समाज पक्षाचे ३ खासदार गेले. त्यात बिजनौरहून मायावती होत्या. कोसळणाऱ्या काँग्रेसच्या ढिगाऱ्यातून आपली वीट वेगळी काढण्याचे काम त्यांनी केले.

महाराष्ट्रात आपण काय करत होतो? 'रिडल्स'च्या परिशिष्टासाठी १९८८ च्या सुरुवातीला मुंबईचे रस्ते निळे झाले होते. शिवसेनेच्या धमक्यांना न जुमानता समाज लाखोंनी उतरला आणि ते लेखन ग्रंथात टिकले, शासन त्या मतांशी सहमत नसल्याच्या टिपेसह का होईना. नामांतराची आग धगधगतच होती. समाज रस्त्यावर असा एकजूट, आणि नेते गटागटात! रस्त्यावरची ती ताकद मतपेटीत नेण्याऐवजी काँग्रेसकडून एखादी जागा, एखादे मंत्रिपद मिळवण्यात धन्यता मानली गेली. मग मोकळी होणारी जागा कोणी घेतली? १९८५ साली विधानसभेत शिवसेनेचा एकच आमदार होता. १९९० साली ५२ झाले आणि भाजपचे ४२. 'रिडल्स'च्या विरोधात ज्यांनी मोर्चे काढले, ते प्रमुख विरोधी पक्ष होऊन सभागृहात बसले.

तरीही १९९० हे वर्ष आपण विसरू शकत नाही. विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारने बाबासाहेबांना भारतरत्न दिले, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र लागले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. १९५६ च्या धम्मदीक्षेपासून तब्बल ३४ वर्षे! तोपर्यंत केंद्राच्या नोकरीचा अर्ज भरताना आपल्या आधीच्या पिढीला धर्माच्या रकान्यात जड हाताने 'हिंदू' लिहावे लागत होते. एवढ्याशा दुरुस्तीसाठी काँग्रेसला आधी कोणते बहुमत कमी पडत होते?

आणि ७ ऑगस्ट १९९० रोजी मंडल. तो अहवाल डिसेंबर १९८० पासून धूळ खात पडला होता. बाबासाहेबांनी कलम ३४० मध्ये लिहून ठेवलेले वचन अंमलात येऊ लागले आणि काल-परवापर्यंत जो 'राजा' स्वच्छ चारित्र्याचा पुतळा होता, तो एका रात्रीत देश फोडणारा खलनायक झाला. माणूस तोच, वर्तमानपत्रेही तीच. भाजपने रथ काढला, अडवाणींना अटक होताच पाठिंबा काढला आणि ७ नोव्हेंबर १९९० रोजी १४२ विरुद्ध ३४६ मतांनी ते सरकार पडले. घोषणेपासून बरोबर तीन महिने. एखाद्या नेत्याची लोकप्रियता घसरली असे छापून येते, तेव्हा ती कोणाच्या मनातून घसरली, हे आपण विचारायचे ते यासाठी. ज्या ओबीसींसाठी त्यांनी खुर्ची घालवली, त्यांच्या घरांतली पसंती मोजायला त्या दिवसांत कोणी गेले नव्हते.

ॲट्रॉसिटी कायद्याचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. २० मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेपूर्वी परवानगी आणि गुन्हा नोंदण्यापूर्वी चौकशी अशा अटी घालून तो बोथट केला. २ एप्रिलला भारत बंद झाला. कोणत्याही मोठ्या पक्षाने तो पुकारला नव्हता, वस्त्यांतून पोरे बाहेर पडली. उत्तरेत कित्येकांचे प्राण गेले, हजारोंवर गुन्हे लागले. केंद्रात पूर्ण बहुमताचे सरकार होते आणि वर्षभरावर निवडणूक होती. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने दुरुस्ती करून कलम १८-अ घातले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. १९८७ ची घोषणा कायदा व्हायला दोन वर्षे लागली होती. या वेळी साडेचार महिने लागले. अटकपूर्व जामिनाला विरोध करताना आम्ही ते कलम आजही कोर्टात वाचून दाखवतो, आणि पुढच्या तारखेला पुन्हा वाचावे लागते.