सल्लागार हवा, पण केव्हा?

प्राप्तिकर खात्याची नोटीस आली की सरळमार्गी पगारदाराच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो 'माझे काय चुकले?' हा नव्हे, तर 'आता कोणाकडे जायचे?' हा. ही घालमेल समजण्यासारखी आहे. नोटिशीची भाषा कायद्याची, मुदत थोड्या दिवसांची आणि दंडाचा उल्लेख मात्र स्पष्ट! परंतु भ्यालेले गिऱ्हाईक भाव करीत नाही, हा बाजाराचा जुना नियम आहे. म्हणूनच व्यावसायिक सल्लागार नेमावा की नाही, याचा निर्णय भीतीने नव्हे, हिशेबाने व्हावयास हवा.

पहिली गोष्ट ही की, सर्व नोटिसा एका जातीच्या नसतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा आणला गेला असला, तरी त्यापूर्वीच्या वर्षांची प्रकरणे जुन्याच कायद्याने चालावयाची आहेत. त्या कायद्याच्या कलम १४३(१) खालील सूचनापत्र हे बहुधा यंत्राने केलेल्या ताळमेळाचे फलित असते. बँकेने कळविलेले व्याज आणि आपण दाखविलेले व्याज जुळले नाही, की संगणक पत्र धाडतो. प्रस्तावित फेरफारावर उत्तर देण्यास तीस दिवस, तर सदोष विवरणपत्र दुरुस्त करण्यास पंधरा दिवस मिळतात. शिक्षकवर्गाच्या परिचयाचे उदाहरण घ्यावयाचे तर थकीत वेतनाच्या फरकाचे घेता येईल. अनेक वर्षांची रक्कम एकदम हाती आल्याने कर फुगतो. कलम ८९ खाली त्यावर सवलत आहे. पण त्यासाठी '१०-ई' हा अर्ज विवरणपत्रापूर्वी भरावा लागतो. तो राहिला की सवलत नामंजूर होऊन मागणीपत्र येते. अशा ठिकाणी चूक कोठे झाली हे उमगण्यास वकिली पांडित्य लागत नाही. दीड हजारांच्या मागणीसाठी दोन हजारांचे शुल्क मोजणे हा व्यवहार कोणत्याही अर्थशास्त्रात बसणार नाही.

याउलट, कलम १४३(२) खालील सखोल छाननी, कलम १४८ खाली जुने वर्ष पुन्हा उघडणे, किंवा कलम २७०-अ खालील दंड ही प्रकरणे निराळी. उत्पन्न कमी दाखविल्यास त्यावरील कराच्या पन्नास टक्के, आणि खोटी माहिती दिल्याचे ठरल्यास दोनशे टक्के दंड होऊ शकतो. येथे प्रश्न बेरजेचा राहत नाही, कायद्याच्या अर्थाचा आणि पुराव्याचा होतो. पहिल्याच उत्तरात भाबडेपणाने लिहून दिलेले वाक्य पुढे अपिलातही आपला पाठलाग करते. म्हणून अशा वेळी सनदी लेखापालाकडे वा वकिलाकडे जावे, आणि तेही उत्तर देण्यापूर्वी जावे. हुकूम हाती पडल्यावर नव्हे. जुन्या कायद्याखाली आयुक्तांकडील अपिलाचे सरकारी शुल्क फार तर हजार रुपये असते. खरा खर्च सल्ल्याचाच. पण येथे तो सार्थकी लागतो.

मात्र सल्लागार निवडणे हीही सोपी गोष्ट नव्हे. विकणाऱ्याला मालाचे गुणदोष ठाऊक आणि घेणारा अंधारात, अशा स्थितीत बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. करसल्ल्याचा बाजार याहून फारसा वेगळा नाही. 'भरपूर परतावा मिळवून देतो, त्यातला हिस्सा द्या' असे सांगणारा मध्यस्थ खोट्या वजावटी दाखवून मोकळा होतो. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याने अशाच मध्यस्थांविरुद्ध देशभर दीडशे ठिकाणी कारवाई केली. त्यापूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. या मध्यस्थांच्या जाळ्यात शैक्षणिक संस्थांतील कर्मचारीही सापडले होते. कित्येकांच्या विवरणपत्रांवर मध्यस्थाने तात्पुरते ईमेल पत्ते घालून ठेवले होते. त्यामुळे खात्याची पत्रे कोणी वाचलीच नाहीत. सनदी लेखापालाला निकालावर अवलंबून शुल्क घेण्यास १९४९ चा कायदा, काही अपवाद वगळता, मनाई करतो. त्यामागील शहाणपण यावरून ध्यानी यावे.

'साहेबांशी ओळख आहे' या भांडवलाचीही किंमत आता घसरली आहे. २०१९-२० पासून आलेल्या चेहराविरहित आकारणीत, प्रकरण हाताळणारा अधिकारी कोणत्या शहरात बसला आहे, हेही करदात्याला कळत नाही. कामी येतात ती कागदपत्रे आणि मुदतीत दिलेले उत्तर. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर ओळखक्रमांक असतो. तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. नोटीस खरी की बनावट, हे प्रथम ठरवावे आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

सल्लागार नेमला तरी जबाबदारी त्याच्याकडे जात नाही, हे कधीही विसरू नये. विवरणपत्र आपल्या नावाचे आणि दंडही आपल्याच नावाचा. तेव्हा खात्याचे संकेतशब्द, ईमेल पत्ता आणि उत्तराची प्रत आपल्याच हाती असावी.

परंतु सारा दोष करदात्याच्या अज्ञानावर ढकलणे न्याय्य होणार नाही. कर निश्चित असावा आणि देणाऱ्याला तो स्पष्ट कळावा, हे तत्त्व अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये मांडले. कायद्याच्या पालनास येणारा खर्च विचारात घेऊ, असे वचन प्राप्तिकर खात्याने २०२० च्या करदात्यांच्या सनदेत दिले आहे. साध्या कारकुनाला सरकारचे पत्र समजून घेण्यासाठी पैसे मोजावे लागत असतील, तर तो त्याच्यावर बसलेला दुसरा करच होय. आणि या कराची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पात होत नाही.