टोपीतल्या पाण्याचा समुद्र

म्हैसूरहून पहाटे निघावं, हासन, बेलूर, मुडिगेरे मागे टाकावं आणि कळसाच्या आसपास मुक्काम करावा. कुद्रेमुख शिखराची भटकंती इथून सुरू होते. कन्नडमध्ये कुदुरे म्हणजे घोडा. एका बाजूने शिखर घोड्याच्या तोंडासारखंच दिसतं. उंची सुमारे १,८९० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ अडीचशे मीटर जास्त!

तीन-चार दिवसांचा बेत आखताना गुहेत, नाहीतर देवळात पथारी टाकायची सह्याद्रीतली सवय मात्र सोडावी लागते. १९८७ पासून हा परिसर राष्ट्रीय उद्यान आहे. वनखात्याची परवानगी, सोबत वाटाड्या आणि अंधाराच्या आत खाली. म्हणून संसे किंवा बाळेगल गावातल्या एखाद्या घरात राहायचं आणि रोज एक डोंगर चढायचा: मुळ्ळोडीहून कुद्रेमुख, मग नेत्रावती शिखर, मग कुरिंजाल. ही बंधनं मला मनापासून पटतात. रात्रीचं रान रानाचंच असावं. पावसाळ्यात जळवा, उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने बंद वाटा. तेव्हा ऑक्टोबर ते जानेवारी उत्तम.

आणि मग समोर येतं ते हिरवं कोडं. डोंगराचे माथे नुसत्या गवताचे, घळींमध्ये मात्र बुटकं, दाट, शेवाळलेलं जंगल. त्याला शोला म्हणतात. दोन्हींमधली हद्द इतकी रेखीव, की कुणी कात्रीने कापली असावी! माथ्यावरचा वारा, मातीची खोली, आग अशी कारणं अभ्यासक मांडतात. गवताची मुळं पाऊस धरतात, शोलाची भुसभुशीत माती तो पिऊन घेते आणि पावसाळा सरल्यावरही थेंबाथेंबाने सोडत राहते. म्हणून हिवाळ्यातही ओढे खळाळतात.

याच डोंगरांच्या पोटात लोहखनिजही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ च्या अखेरीस त्याचं खाणकाम थांबलं. डोंगर उकरला, तर नुसती माती जात नाही. नद्यांचं माहेर जातं.

कारण इथल्याच गंगामूळ परिसरात तीन नद्या उगम पावतात. नेत्रावती पश्चिमेला उतरून मंगळूरजवळ अरबी समुद्राला मिळते. तुंगा आणि भद्रा पूर्वेला वळतात, शिमोग्याजवळ कूडलीला एक होतात आणि कर्नूल ओलांडल्यावर महाबळेश्वरहून आलेल्या कृष्णेत शिरतात. म्हणजे महाबळेश्वरचं पाणी आणि कुद्रेमुखचं पाणी एकत्र बंगालच्या उपसागराकडे निघतं! घाटमाथ्याच्या धारेवर उभं राहून भिजलेली टोपी झटकली, तर कुठला थेंब कुठल्या उतारावर पडला, एवढ्यावरच त्याचा समुद्र ठरतो.