एका इवल्या माशीचा शेजारधर्म

उपवासाला आपण खातो तो साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून तयार होतो. कसाव्याच्या उत्पादनांची जगातील सर्वाधिक निर्यात थायलंड करतो. लाओस व कंबोडियातील शेतकऱ्यांचा कसावाही मोठ्या प्रमाणावर थायलंडमधील कारखान्यांकडेच येतो. या व्यापाराने शेजारी देश जोडले गेले. मात्र किडीलाही तोच मार्ग खुला झाला.

२००८ मध्ये थायलंडमध्ये कसाव्यावरील पिठ्या ढेकूण (फेनाकोकस मॅनिहोटी) आढळला. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही कीड शेंड्यांतील रस शोषते. पाने आकसतात, खोड वेडेवाकडे होते. तिच्यात नर नसतात, त्यामुळे एकटी मादीही नवी वसाहत उभी करू शकते. त्यातच कसाव्याची लागवड खोडाच्या कांड्यांनी होते. बेण्याबरोबर कीड सीमेपार जाते. कीड व दुष्काळ यांच्या तडाख्यात थायलंडचे उत्पादन २००९ मधील सुमारे ३ कोटी टनांवरून पुढील वर्षी सुमारे २.२ कोटी टनांवर घसरले.

आफ्रिकेने यावरील उपाय आधीच सिद्ध केला होता. तेथे १९८१ पासून ‘ॲनागायरस लोपेझी’ ही इवली परोपजीवी माशी सोडण्यात आली. ती पिठ्या ढेकणाच्या शरीरात अंडे घालते आणि तिची अळी त्याला आतून खाऊन संपवते. या कार्यासाठी हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार लाभला. थायलंडने २००९ मध्ये हीच माशी बेनिनमधून आणली, प्रयोगशाळांत वाढवली आणि २०१० पासून शेतांत मोठ्या प्रमाणावर सोडली.

दिल्याने वाढणारे सामर्थ्य

पुढे थायलंडमध्ये वाढवलेल्या माश्या लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम आणि इंडोनेशियापर्यंत पोहोचल्या. या प्रयत्नांना अन्न व कृषी संघटनेचेही साहाय्य होते. यात औदार्य होते, तसा स्वार्थही होता. शेजाऱ्याच्या शेतातील कीड पुन्हा आपल्या शिवारात येणार आणि त्याचे पीक बुडाले तर आपल्या कारखान्यांचा कच्चा माल आटणार, हे उघड होते. मध्यम सामर्थ्याच्या देशाची सॉफ्ट पॉवर अशीच घडते: शेजाऱ्याची नड ओळखून आपले ज्ञान वेळेवर देण्यातून.

भारतात ही कीड २०२० मध्ये केरळमधील त्रिशूर येथे आढळली. राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने २०२१ मध्ये बेनिनहून ही माशी आणली आणि २०२२ मध्ये तमिळनाडूतील सेलम या साबुदाणा उद्योगाच्या केंद्रातून तिच्या प्रसारणास प्रारंभ झाला.

जैविक संसाधनांवरील प्रत्येक देशाचा हक्क मान्य करणारा नागोया करार २०१४ पासून लागू आहे. हा हक्क न्याय्यच आहे. तथापि परवानग्यांच्या प्रक्रियेत एखादा हंगाम निघून गेला, तर कीड थांबून राहत नाही. म्हणून मित्रकीटकांच्या देवाणघेवाणीसाठी शेजारी देशांनी संकटापूर्वीच आपसांत जलद कार्यपद्धती ठरवून ठेवावी, असे कीटकशास्त्राचा अभ्यासक म्हणून मला वाटते. बेनिनने आपल्याला दिले. आता पुढे देण्याची क्षमता आणि जबाबदारी भारताकडेही आहे.