लॅपटॉपमधली जागा संपली?
२५६ जीबीच्या लॅपटॉपमध्ये २३८च का दिसतात, असं बरेच जण विचारतात. फसवणूक नाही हो; कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने. त्यात भारतवारीचे व्हिडिओ भरले की झालंच!

नवा लॅपटॉप घेण्याआधी आपल्या मॉडेलची एसएसडी बदलता येते का, ते बघा. एम.२ स्लॉट असेल तर १ टीबीची बसू शकते. मात्र एनव्हीएमई की साटा, हे आधी तपासा; दोन्ही दिसतात सारख्याच. बिटलॉकरची रिकव्हरी कीसुद्धा लिहून ठेवा, नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर उभे राहाल.

आताच्या मॅकबुक एअरमध्ये स्टोरेज बोर्डालाच जोडलेलं असतं. तिथे यूएसबी-सीची बाहेरची एसएसडी घ्या. पण आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग नुसतं तिच्यावर हलवलंत, तर तो बॅकअप नव्हे. आधी आणखी एका डिस्कवर प्रत करा, ती उघडून ऐका, मगच लॅपटॉपमधलं पुसा.