एका जेवणाचं पुस्तक

पैठणचे एकनाथ महाराज एका महाराच्या घरी जेवायला गेले, ही गोष्ट मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. पण नाथ तिथे खरंच जेवले का? जुन्या कथेत इथे एक चमत्कार येतो. पाळतीवर बसलेल्या मंडळींना नाथ एकाच वेळी स्वतःच्या घरीही दिसतात आणि महाराच्या घरीही. मग त्या पाटावर बसलं होतं कोण? नाथ, की नाथांचं रूप घेतलेला पांडुरंग?

जॉन क्यून या अमेरिकी अभ्यासकाने या जेवणावर अख्खं पुस्तक लिहिलं. ‘शेअर्ड डिव्होशन, शेअर्ड फूड’ या नावाने ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते 2021मध्ये काढलं. भक्तीने जातिभेद मोडला की नाही, या जुन्या वादात क्यून थेट उडी घेत नाहीत. ते गोष्टीच्या मागे मागे जातात. अठराव्या शतकात संतचरित्रकार महिपतीने ती कशी सांगितली, नाटकांत तिचं काय झालं, आणि 1935 साली बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत उभं करून दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी ‘धर्मात्मा’ हा चित्रपट काढला तेव्हा तिला कोणता रंग चढला, हे सगळं ते तपासतात. त्यांचं म्हणणं असं, की गोष्टीतली संदिग्धता हा तिचा दोष नाही. सुधारकाला आणि सनातन्याला ती आपापल्या सोयीने ऐकता आली, म्हणून तर ती टिकली.

विद्यापीठीय प्रकाशनातलं नवं पुस्तक बहुधा असंच जन्मतं. माहितीचा ढीग कुणाकडेही असतो. पुस्तक उभं राहतं ते प्रश्नावर. ख्रिश्चन ली नोव्हेत्स्की नामदेवांच्या अभंगांकडे गेले, तेव्हा ‘नामा म्हणे’ या मुद्रेखाली अनेक शतकांतले अनेक कवी दडलेले आहेत, हे मराठी संशोधकांना ठाऊकच होतं. खरा नामदेव कोणता, हे शोधण्यात पिढ्या गेल्या होत्या. नोव्हेत्स्कींनी प्रश्नच फिरवला. इतक्यांना नामदेव का व्हावंसं वाटलं? उत्तरासाठी ते कीर्तनाकडे आणि कीर्तनकारांच्या बाडांकडे, म्हणजे हस्तलिखित वह्यांकडे वळले. त्याआधी बाड हे नुसतं साधन होतं. त्यांच्या हाती ते परंपरेच्या स्मरणशक्तीचा पुरावा झालं.

प्रश्न कितीही चमकदार असला तरी छापखान्यापर्यंतची वाट लांब असते. लेखक आधी प्रस्ताव पाठवतो. संपादकाला तो पटला, तर हस्तलिखित त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे जातं. त्यांची नावं लेखकाला सहसा कळत नाहीत. ते अहवाल लिहितात, लेखक त्यांना उत्तर देतो, प्रकरणं मोडतो, पुन्हा बांधतो. शेवटी विद्यापीठातल्या प्राध्यापकांची समिती होकार देते. पुस्तक पीएच.डी.च्या प्रबंधातून निघत असेल तर आणखी एक कापाकापी होते. आपण सगळं वाचलंय हे परीक्षकांना पटवण्यासाठी लिहिलेली लांबलचक पानं वाचकाला नको असतात. या चाळणीत चुका गळतात, आणि कधीकधी थोडा वेडेपणाही गळतो, हे तिचे चाहतेही मान्य करतील.

मग येते किंमत. अशा पुस्तकांच्या बांधीव प्रती मुख्यतः ग्रंथालयांसाठी, शेकड्यांच्या हिशेबात छापतात, आणि परदेशी आवृत्तीचा आकडा पाहून पुण्या-नागपुरातला वाचक पुस्तक अलगद खाली ठेवतो. विषय आपल्या अंगणातला, भाव मात्र परगावचा! 2000 साली सुरू झालेल्या ‘परमनंट ब्लॅक’सारख्या भारतीय प्रकाशनांमुळे ही अडचण थोडी सुसह्य झाली. नोव्हेत्स्कींचं नामदेवांवरचं पुस्तक कोलंबिया विद्यापीठाने 2008मध्ये काढलं, आणि पाठोपाठ ‘परमनंट ब्लॅक’ने ते भारतात वेगळ्या नावाने आणलं. मोडी लिपी आणि तिच्या लेखनव्यवहाराचा इतिहास सांगणारं प्राची देशपांडे यांचं ‘स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर’ही त्यांनीच 2023मध्ये प्रसिद्ध केलं.

मराठीत संशोधनग्रंथाची परीक्षा बहुधा छापल्यानंतर होते. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ 1984 साली आला. पंढरीचा देव मुळात गवळी-धनगरांचा, आणि त्याचं वैष्णवीकरण पुढे झालं, हा त्यातला विचार वारकऱ्यांच्या महाराष्ट्रात मांडायला धाडस लागतं. ग्रंथाला 1987 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंग्रजी वाचकांना मात्र तो अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या अनुवादातून ऑक्सफर्डतर्फे भेटायला 2011 साल उजाडावं लागलं. म्हणजे सत्तावीस वर्षं.

याहून जास्त वाट एलिनॉर झेलियट यांच्या लेखनाने पाहिली. डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ या विषयावरचा त्यांचा प्रबंध पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 1969 साली सादर झाला. पुढे आंबेडकरांवर लिहिणारे अभ्यासक तळटीपांमध्ये त्या अप्रकाशित प्रबंधाचाच हवाला देत राहिले. त्याचं पुस्तक झालं ते 2004मध्ये. ‘नवयान’ प्रकाशनाने ‘आंबेडकर्स वर्ल्ड’ या नावाने ते 2013 साली पुन्हा काढलं, तेव्हा प्रबंधाला 44 वर्षं झाली होती.